रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलंय? मग खान्देशच्या उन्हात ते सांभाळायचं कसं ते बघा

हे लिहितोय ते मुख्यतः जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लोकांसाठी. कुत्रं पाळायचे जे व्हिडिओ मोबाइलवर येतात त्यात बहुतेक एसी लावलेला फ्लॅट असतो आणि विकत आणलेलं गुबगुबीत पिल्लू असतं, आणि आपल्याकडे काय तर गॅरेजच्या मागे सापडलेलं, एक पाय उचलून चालणारं, कानात गोचीड भरलेलं गावठी कुत्रं, वरून मे महिन्यातलं भुसावळचं ऊन, पारा ४५ च्या आसपास. अशा कुत्र्याला लाडाच्या आधी सावली लागते, ठरलेल्या वेळा लागतात आणि कोणीतरी त्याला थोडं एकटं सोडावं लागतं. लाड काय, ते नंतर होतातच, ते कोणाला शिकवावे लागत नाहीत.

आणल्या आणल्या काय करायचं

सगळ्यात आधी रेबीजचा विचार करा. घाबरवायला नाही सांगत, पण रस्त्यावरच्या कुत्र्याला लस झाली की नाही हे आपल्याला माहीत नसतं. कानाला व्ही सारखी खाच कापलेली दिसली तर नसबंदी झालेली आहे असं समजायचं आणि नसबंदीच्या वेळी रेबीजची लसही देतात, पण ती दरवर्षी परत द्यावी लागते, त्यामुळे खाच दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाहीये असं दिसलं तर लोक म्हणतात घशात हाड अडकलं असेल, आणि सरळ तोंडात हात घालतात. नका घालू. रेबीजमध्ये अगदी असंच दिसतं. लांब राहा, पोरांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

कुत्रं बरं दिसत असेल तर त्याला घरातला एक कोपरा द्या. एकच. जिन्याखाली, पडवीत, मोरीशेजारी, जिथे लोकांची ये-जा कमी असते तिथे. खाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी, शेजारी पाणी, बस. आणि मग सोडून द्या. आपल्याकडे कुत्रं आणलं की अख्खी गल्ली बघायला येते, जिभाऊ येतात, आक्का येतात, पोरं डोक्यावर हात फिरवतात, म्हातारी वट्ट्यावरूनच ओरडते, "हाई काय लई उना रे पोऱ्या?" आणि कुत्रं तिकडे भिंतीला चिकटून थरथरत असतं. पहिले दोन-तीन दिवस ते खाणार नाही, कोपऱ्यातून उठणार नाही, कधी तिथेच लघवी करेल, हे सगळं नॉर्मल आहे. कुत्र्यांचं काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात, तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराच्या वेळा कळायला आणि तीन महिने हे घर आपलं आहे असं वाटायला. प्रत्येक कुत्र्याला तो लागू होतोच असं नाही, काहींना वर्ष लागतं, पण निदान चौथ्या दिवशी "हे काय आपल्याला लळा लावत नाही" म्हणून तोंड पाडून बसायची वेळ येत नाही.

त्याच्याजवळ जायचं तर समोरून वाकून जाऊ नका, बाजूला जमिनीवर बसा, त्याच्याकडे न बघता मोबाइल बघत बसा, ते स्वतः येऊन हुंगेल. जेवताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या लहान पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

आणि आंघोळ. लोकांना आंघोळ घालायची भयंकर घाई असते. घाण असलं तरी राहू द्या आठवडाभर, ओल्या फडक्याने पुसा.

डॉक्टरकडे

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-म्हैस-शेळी जास्त येते, तिथल्या डॉक्टरांचा हात त्यावर बसलेला असतो, पण रेबीजची लस, जंताची गोळी, जखमेची मलमपट्टी ही कामं तिथे होतात आणि स्वस्तात होतात, जाण्याआधी फोन करून लस शिल्लक आहे का ते विचारा. ६ जुलै हा प्राणिजन्य आजारांचा दिवस आणि २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस, या दोन दिवसांच्या आसपास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण असतं, त्यावर लक्ष ठेवा. रक्त तपासणी, ऑपरेशन, सलाईन असलं काही लागलं तर मात्र जळगाव, धुळे, भुसावळसारख्या ठिकाणी कुत्र्या-मांजरांचंच बघणारा डॉक्टर शोधा आणि हा शोध कुत्रं आजारी पडायच्या आधी करून ठेवा, रात्री अकराला शोधायला लागलात तर कोणी फोन उचलत नाही.

पिल्लू असेल तर सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो आणि डिस्टेंपर या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांचं झालं की. जंताचं औषध पिल्लाला तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि मग आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांत खेळायला सोडू नका. पिल्लू उलट्या करतंय, रक्ताची वास मारणारी जुलाब होतायत म्हणजे पार्वो असू शकतो, त्यात "उद्या सकाळी बघू" चालत नाही, त्याच दिवशी सलाईन लागतं. आणि ज्या अंगणात पार्वोने पिल्लू गेलं तिथे वर्षभर लस न झालेलं दुसरं पिल्लू आणू नका, तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो.

मादी असेल तर नसबंदी कराच. साधारण सहा महिन्यांनी एकदा माजावर येते, दोन महिन्यांत पिल्लं, आणि मग त्या पिल्लांना घरं शोधत तुम्ही सगळ्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरणार. शिवाय नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती फार पाणी प्यायला लागली, सुस्त झाली, खालून घाण यायला लागली तर लगेच दाखवा. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडत असतील तर ते दरवेळी माजाचं नसतं, एक संसर्गजन्य गाठ असते, नराला पण होते, दर आठवड्याला एक असं काही इंजेक्शन देऊन ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, त्यामुळे "कॅन्सर आहे, काही उपयोग नाही" असं कोणी म्हटलं तरी सोडून देऊ नका.

घरगुती इलाज बंद. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल लावतात लोक, ते कुत्रं चाटतं आणि लिव्हर-किडनीवर जातं, कातडी भाजते ती वेगळीच. पावसाळ्यात जखमेत किडे पडले की फिनेल, पेट्रोल, डांबरगोळीची पूड टाकतात, त्यानेही विषबाधा होते. आणि ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, कुत्र्याला एक गोळीसुद्धा महागात पडू शकते. खरूज माणसाला पण थोडीफार लागते, त्यामुळे बरी होईपर्यंत गादीवर नाही.

गोचीड

हा इकडचा खरा शत्रू. रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढा, उजेडात बसा आणि बोटांनी चाचपत जा. डोळ्यांनी बघून नाही सापडत. कानाच्या आतल्या घडीत, कानाच्या मागे, पट्ट्याच्या खाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि पायाच्या बोटांच्या मधे, तिथे तर हमखास, बोटं फाकवून बघावी लागतात, तुरीच्या डाळीएवढी राखाडी फुगलेली सापडते नाहीतर तपकिरी तिळाएवढी. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची, पिरगाळायची नाही, रॉकेल नाही, काडी पेटवून चटका नाही. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्याच्या डबीत टाका, बोटांनी चिरडू नका.

गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध गोठ्यात असतंच, तेच पाण्यात ढवळून कुत्र्यावर ओततात लोक, अंदाजाने. हे करू नका, कुत्रं अंग चाटतं, लाळ गाळतं, लटपटतं, आणि घरात मांजर असेल तर तिच्या जिवावर बेततं. कुत्र्यासाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात, खायच्या गोळ्या मिळतात, वजनावर डोस असतो, डॉक्टरांना विचारून घ्या. अन् फक्त कुत्र्यावर औषध करून भागत नाही, गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात, गोणपाटात. गोणपाट उन्हात टाका, आठवड्याला बदला, भेगा बुजवा. धाब्याचं जुनं घर असेल तर हे काम कधीच संपत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, अंग तापलंय, सुस्त आहे तर हिरड्या बघा. ओठ वर उचलायचा, हिरडीवर बोट दाबून सोडायचं, पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. हिरड्याच पांढरट दिसतात, नाकातून रक्त येतंय किंवा लघवी चहा-कॉफीच्या रंगाची झालीय म्हणजे गोचीड ताप असू शकतो, तो रक्ताच्या तपासणीत कळतो आणि वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो. त्याचा गोळ्यांचा कोर्स कधी कधी चार आठवडे चालतो, कुत्रं चौथ्या दिवशी उड्या मारायला लागलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत.

ऊन

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंज्यातून जरासा येतो तेवढाच, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. बाहेरची हवाच ४४-४५ असेल तर धापा टाकून काय थंड होणार? मार्चपासून जूनचा पाऊस येईपर्यंत फिरवणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतर, मधे नाही. मेहरूण तलावावर संध्याकाळी पाचला कुत्रं पळवणारे लोक दिसतात, काय म्हणावं यांना. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला नाही टेकवता आली तर त्याचे पंजे कसे टिकतील.

दुपारी कुत्रं पत्र्याच्या शेडखाली बांधायचं नाही. पत्र्याखाली सावली असली तरी भट्टी असते. निंबाखाली, किंवा घरात कूलरसमोर ओल्या फरशीवर. लाइट गेली की कूलर बंद, म्हणून गोणपाट ओलं करून खाली टाकायचं, ते वाळलं की परत ओलं. पाण्यासाठी स्टीलची वाटी नको, अर्ध्या तासात गरम होते आणि कलंडते पण, मातीचं पसरट भांडं किंवा सिमेंटचं घमेलं ठेवा, दोन ठिकाणी ठेवा. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. जेवण सकाळी लवकर आणि रात्री, दुपारी हवं तर बिनमिठाचं पातळ ताक.

आता ऊन लागलंय हे ओळखायचं कसं. धापा थांबतच नाहीत, जीभ-हिरड्या गडद लाल, लाळ चिकट तारेसारखी, चालताना झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप असं नाही, पण १०४ च्या वर गेलं तर धावपळ करा. सावलीत घ्या, पोट, जांघा, काखा, पंजे साध्या नळाच्या पाण्याने भिजवा आणि पंखा लावा. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. तोंडात पाणी ओतू नका, स्वतः प्यायलं तर पिऊ द्या. १०३ पर्यंत उतरलं की पाणी मारणं थांबवा आणि तसंच डॉक्टरकडे न्या, बरं दिसलं तरी न्या, कारण आतल्या अवयवांचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

खाणं

उपाशी कुत्र्याला पहिल्या दिवशी घमेलंभर खायला घालू नका, अगदी हाडांचा सापळा असेल तर जास्तच जपा. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, मऊ भात आणि उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन किंवा अंडं. आठ-दहा दिवसांनी दोन वेळांवर या. भाकरी चालते, ज्वारीची असो नाहीतर कळण्याची, पण नुसती भाकरी आणि दूध एवढ्यावर कुत्रं धड होत नाही, अंडं-चिकन-मासे काहीतरी हवं, आणि दुधाने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांचं पोट बिघडतं. जमत असेल तर तयार कोरडं फूड द्या, फक्त आठवडाभर हळूहळू जुन्यात मिसळून बदला.

खरी अडचण उरलेल्या अन्नाची आहे. आपल्या जेवणात कांदा-लसूण नाही अशी भाजी सांगा एक. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, कच्चा, शिजवलेला, पावडर, सगळं सारखंच. थंडीत मळ्यात भरीत पार्टी होते, त्या भरितात कांद्याची पात, लसूण, हिरव्या मिरच्या, आणि शेवटी पातेलं कुत्र्यापुढे. शेवभाजीचा रस्सा तसाच. वरण-बट्टीतली तुपात बुडवलेली बट्टी एकदा पोटभर दिली तर स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रं उलट्या करत पडतं. आखाजीला आमरस होतो तेव्हा कोया उकिरड्यावर टाकू नका, कुत्रं कोय गिळतं आणि ती आतड्यात अडकते, मग ऑपरेशनच. दाणे काढलेलं मक्याचं कणीस पण तसंच. शिजवलेलं हाड चिरफळतं, तेही नाही. द्राक्ष, मनुका, चॉकलेट नाही. आणि केळं चालतं का, तर चालतं, रावेर-यावलला कुत्री खातातच, एखादा तुकडा द्या, साल नको.

घरात एकानेच जेवण द्यायचं. नाहीतर काय होतं, सकाळी तुम्ही देता, दुपारी वहिनी देते, आणि ज्या आजीने "घरात कुत्रं नको" म्हणून दोन दिवस अबोला धरला होता तीच पदराआडून तुपाची पोळी देत असते, मग जुलाब लागले की कोणीच कबूल करत नाही. कॅलेंडरवर टिक करा दिलं की.

घरातल्या सवयी

लघवीला बाहेर न्यायच्या वेळा पक्क्या ठेवा, उठल्यावर, जेवल्यावर, झोपायच्या आधी, आणि बाहेर केली की तिथेच लगेच शाबासकी द्या. घरात केली तर नाक घासणं, मारणं याने ते फक्त तुमच्यासमोर करायची बंद होते आणि कपाटामागे करायला लागते. जागा व्हिनेगर-पाण्याने पुसा, फिनेलने नको, ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटत बसतं.

पट्टा. नवीन कुत्रं पहिल्या काही आठवड्यांतच पळून जातं, गळ्यातला पट्टा मागच्या मागे काढून. म्हणून छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा दोन्ही घाला, दोरी दोघांना अडकवा, आणि गळ्याच्या पट्ट्यावर मोबाइल नंबर पक्क्या मार्करने लिहा. लग्नसराईतला डीजे आणि दिवाळीचे फटाके हे दोन मोठे प्रश्न, त्या वेळी आधीच फिरवून आणायचं, खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवायचं, कूलर किंवा टीव्हीचा आवाज चालू. बांधून ठेवायचं नाही, घाबरलेलं कुत्रं साखळीत स्वतःला अडकवून घेतं.

मळ्यात नेत असाल तर

कपाशीवर फवारणी झालेली असेल तर त्या शेतात कुत्रं सोडू नका, फवारणीचा पंप धुतलेलं पाणी, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, उंदरासाठी टाकलेलं विष, सगळं ते चाटतं. लाळ गळणं, अंगाला झटके, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं असं दिसलं तर औषधाच्या डब्याचा फोटो काढून कुत्र्यासोबत डॉक्टरकडे न्या, कुठलं विष ते कळलं की इलाज पटकन होतो. मीठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडे आणि चाळीसगाव भागात बिबट्या असतो, त्याला कुत्रं हे सोपं खाणं, रात्री मळ्यात मोकळ्यावर बांधून ठेवायचं नाही, बंद खोलीत घ्यायचं.

चावलं तर

कोणाचंही कुत्रं असो, तुमचं लस झालेलं असलं तरी, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही. मग सरकारी दवाखाना, तिथे माणसांची रेबीजची लस मोफत असते, सगळे डोस पूर्ण घ्यायचे, कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन पण देतात. चावलेलं कुत्रं १० दिवस बांधून लक्ष ठेवतात, पण त्या १० दिवसांची वाट बघत लस लांबवायची नाही. तुमच्या कुत्र्यालाच दुसरं कुत्रं चावलं तर तसंच धुवा, फक्त हातमोजे घालून, आणि त्याला परत लस द्यायला न्या.

गावाला जायचं असेल तेव्हा

लग्नाला, सुट्टीला जावंच लागतं. नवीन कुत्रं पहिल्या तीन महिन्यांत दुसऱ्याच्या घरी टाकण्यापेक्षा ओळखीच्या माणसाला तुमच्या घरी येऊन जायला सांगा, आणि जायच्या आधी आठवडाभर त्याच्याच हातून एक वेळचं जेवण द्या म्हणजे कुत्रं त्याला ओळखतं. एका कागदावर लिहून द्या, किती भात, किती वेळा, पाणी कुठे, कुठल्या खोलीत झोपतं, कांदा-लसूण नाही, दार उघडायच्या आधी पट्टा. लसीचं कार्ड आणि थोडे पैसे पाकिटात. डॉक्टरांचा नंबर तुमच्या फ्रीजवर लावून उपयोग नाही, घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या आणि एकदा लावून बघायला सांगा.